नरकासुराचा सांगाडा आणि स्वयंपाकघरातला पॉवर प्लग

बोरीचा_बाल्या (धागाकर्ता)

मंडळी, मदत पाहिजे, आणि जरा घाईने. दिवाळी तोंडावर आली. आमच्या वाड्यावरचा नरकासुर (गोव्यात दिवाळीच्या पहाटे जाळतात तो पुतळा) यंदा हलता करायचा ठरलाय. मान फिरणार, गदेवाला हात वर-खाली होणार. दरवर्षी आम्ही बांबू आणि सुके गवत वापरतो. यंदा कमरेच्या वर सगळा सांगाडा स्क्वेअर पाइप आणि अँगलचा. वेल्डर रोजचे जे मागतो ते आमच्या वर्गणीला झेपत नाही, म्हणून पाच जणांनी पैसे काढून २०० अँपिअरचे छोटे इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतले. मी आयटीआयला फिटर. सहा महिने वेल्डिंगही शिकलोय, टाके मारता येतात.

अंगण आमचे, म्हणून वीजही आमचीच. स्वयंपाकघरात ओट्याजवळ १५ अँपिअरचा पॉवर प्लग आहे, तिथून ३० मीटरची एक्स्टेंशन खिडकीतून बाहेर. दुपारी काम झकास होते. संध्याकाळी सातनंतर रॉड चिकटायला लागतो. करंट वाढवला की मशीनचा पिवळा दिवा लागतो आणि ते बंद पडते. काल रात्री आते ओरडली, जळका वास येतो म्हणून. बघतो तर थ्री पिन टॉप वितळून सॉकेटला चिकटलेला. एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) मात्र जागच्या जागी, पडलाच नाही!

मशीनवर २०० अँपिअर, सॉकेटवर १५. मग ते इतके दिवस चालले कसे? आणि जळले तर एमसीबी का पडला नाही? आते म्हणते नरकासुराआधी घर पेटायला नको.

पावट्याची_उसळ

आतेला मंडळाचे अध्यक्ष करा.

कोल्हापुरी_ठिणगी

सोपं आहे. १६ चा एमसीबी काढून ३२ चा टाका, टॉप नवीन घ्या. आमच्याकडे सगळे तसेच करतात.

तारजुळारी

ठिणगीराव, तो पडलाच नाही असे पोरगा सांगतोय, आणि तुम्ही त्याला आणखी मोठा टाकायला सांगता? एमसीबी मशीनसाठी नसतो, भिंतीतल्या तारेसाठी असतो. तार तीच ठेवून ३२ चा टाकला तर उद्या टॉपऐवजी भिंतीतली तार वितळेल, आणि ती वितळली तर वासही वेळेवर येणार नाही.

बाल्या, आधी तो प्लग वापरणे बंद कर. आजपासून. मग मला एवढे सांग: घर किती जुने, वायरिंग कधीचे, तार तांब्याची की अॅल्युमिनियमची, मीटरजवळ काय आहे, आणि एक्स्टेंशनची वायर किती स्क्वेअर एमएमची? वायरच्या अंगावर छापलेले असते. मी चाळीस वर्षे फोंडा आणि आसपासच्या गावांत वायरिंग केले आहे. तुमच्या भागातली जुनी घरे मला माहीत आहेत, त्यामुळे उत्तर काय येणार याचा अंदाज आहे, पण तूच सांग.

बोरीचा_बाल्या

काका, घर आजोबांचे, चिऱ्यांचे. वायरिंग ८२ सालचे, लाकडी पट्टीवरून गेलेले. मेन स्विचच्या खाली चिनी मातीचे कटआउट (जुने फ्यूज) आहेत. स्वयंपाकघराचा एमसीबी अलीकडे बसवला. स्विचबोर्ड उघडला, आत तार रुपेरी आहे, म्हणजे अॅल्युमिनियम. एक्स्टेंशनवर १.० स्क्वेअर एमएम लिहिलेय. ती आम्ही चतुर्थीला माटोळीवर (गणपतीच्या डोक्यावर बांधतात ती फळापानांची आरास) लाइटिंग सोडायला घेतली होती.

तारजुळारी

वाटलेच होते. माटोळीच्या दिव्यांची वायर घेऊन नरकासुर उभा करायला निघालास.

वाहिनी_४१५

मी वेर्ण्याला कारखान्याच्या विद्युत विभागात आहे. "चालले कसे" याचे उत्तर मी देते, काकांनी पुढचे सांगावे.

२०० अँपिअर हा आकडा रॉडच्या बाजूचा आहे, भिंतीच्या बाजूचा नाही. रॉडच्या टोकाला करंट भरपूर पण व्होल्टेज अगदी कमी असते. साध्या रॉडच्या वेल्डिंगला आर्कचे (रॉड आणि लोखंड यांच्यामधल्या ज्योतीचे) व्होल्टेज काढायचे ठरलेले गणित आहे: २० अधिक करंटच्या ०.०४ पट. म्हणजे १०० अँपिअरला २४ व्होल्ट. २४ गुणिले १०० म्हणजे २४०० वॉट बाहेर पडतात. मशीनची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर आत २८०० वॉट जातात. स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर (तारेतून वाहते त्यातला खरा कामी येणारा वाटा) ०.७ च्या आसपास असतो, म्हणून तारेतून साधारण ४००० व्होल्ट-अँपिअर वाहतात. २३० व्होल्टला साडेसतरा अँपिअर.

हेच गणित पूर्ण २०० अँपिअरला केले तर भिंतीतून ४० च्या वर अँपिअर लागतात. ते कुठल्याच घरगुती सॉकेटचे काम नाही. म्हणजे खोक्यावरचा २०० तुमच्या घरात कधी येणारच नाही, आणि तुम्हाला लागतही नाही.

मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचा. तिथे आय१ मॅक्स आणि आय१ इफ असे दोन आकडे असतील. पहिला म्हणजे आर्क चालू असताना भिंतीतून ओढला जाणारा जास्तीत जास्त करंट. दुसरा, मधल्या विश्रांतीसकट तारेला जेवढी ऊब बसते त्या हिशेबाचा. ड्यूटी सायकल १० मिनिटांची धरतात, हवा ४० अंश. ६० टक्के लिहिले असेल तर सहा मिनिटे आर्क, चार मिनिटे विश्रांती. पहिल्या आकड्याला ड्यूटी सायकलच्या वर्गमुळाने गुणले की दुसरा येतो. तार दुसऱ्या आकड्याने तापते, पण रॉड टेकवताना झटका पहिल्याचा बसतो.

बोरीचा_बाल्या

ताई, आय१ मॅक्स ४१ लिहिलेय! आम्ही १०० वर ठेवत होतो. रॉड दहा नंबर.

पण मग संध्याकाळीच का?

वाहिनी_४१५

मल्टिमीटर आहे का? संध्याकाळी आठला, मशीन बंद असताना, त्याच एक्स्टेंशनच्या टोकाला (दुसऱ्या प्लगवर लावून) व्होल्टेज बघा आणि कळवा. बोटे सांभाळून.

हळदीचे_पान

मी वेल्डिंगवाल्याची शेजारीण आहे, म्हणून मला दुसऱ्या बाजूने विचारायचे आहे. शेजारी गेट बनवतात, त्यांनी रॉड टेकवला की आमच्याकडचे दिवे मिचमिचतात. सून म्हणते फ्रीज जाणार. जाऊन भांडू का?

तारजुळारी

हळदताई, मिचमिचणे म्हणजे त्यांनी करंट ओढला की सामाईक लाइनवर व्होल्टेज क्षणभर खाली बसते. तुम्ही आणि ते एकाच फेजवर, आणि बहुधा ट्रान्सफॉर्मरपासून लांब टोकाला. त्रास आहे, पण एवढ्याने फ्रीज जात नाही. मात्र दिवे मंद होण्याऐवजी एकाएकी भगभगीत झाले, पंखा सुसाट सुटला, तर भांडायला जाऊ नका, आधी मेन स्विच बंद करा आणि १९१२ ला फोन लावा. ती न्यूट्रल सुटल्याची खूण आहे. तीन फेजच्या लाइनवर न्यूट्रल तुटली की कोणाच्या घरात दीडशे व्होल्ट येतात, कोणाच्या घरात साडेतीनशे. त्यात फ्रीज, टीव्ही सगळे जाते. गोव्यात पावसात माडाची झावळी तारेवर पडली की हे हमखास.

बोरीचा_बाल्या

मोजले. दुपारी ३ ला २२८. रात्री ८ ला २००. कधी १९७.

वाहिनी_४१५

मग सगळा उलगडा झाला. जुने लोक मला वेड्यात काढतील, पण हे नीट वाचा.

पंखा किंवा साधा बल्ब कमी व्होल्टेजला कमी करंट घेतो. इन्व्हर्टर मशीन उलटे वागते. तुम्ही १०० अँपिअर मागितले की ते १०० देणार म्हणजे देणार. आत २३० व्होल्टची आधी डीसी होते, सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास. मग आयजीबीटी नावाचे इलेक्ट्रॉनिक स्विच ती सेकंदाला हजारो वेळा तोडतात, आणि म्हणूनच आतला ट्रान्सफॉर्मर नारळाएवढाही लागत नाही. येणारे व्होल्टेज घटले तर तेवढीच ताकद द्यायला मशीन जास्त करंट ओढते.

आता तुमची एक्स्टेंशन. १ स्क्वेअर एमएमच्या लवचिक तांब्याला मीटरला साधारण साडेएकोणीस मिलिओहम. ३० मीटर जायचे, ३० यायचे, म्हणजे ६० मीटर, जवळपास १.१७ ओहम. सॉकेटला २०० व्होल्ट आणि मशीनला ४००० व्होल्ट-अँपिअर पाहिजेत, तर गणित २३ अँपिअरवर येऊन थांबते. त्यातले २७ व्होल्ट वायरच खाते. मशीनपाशी उरतात १७३. भिंतीतल्या अॅल्युमिनियमने खाल्लेले वेगळे. रॉड चिकटणारच, आणि अंडरव्होल्टेजचा पिवळा दिवाही लागणारच.

वायरमध्ये जळतात ६०० हून जास्त वॉट. वायर भेंडोळे करून ठेवली होती का?

बोरीचा_बाल्या

अर्धी वायर रिळावरच होती.

तारजुळारी

देवाची कृपा. रिळावरची वायर आतून शिजते आणि बाहेरून हाताला गार लागते. पूर्ण सोडून ठेवायची असते.

एमसीबी का पडला नाही, तेही सांगतो. १६ चा एमसीबी सोळावर पडतो असा सगळ्यांचा समज. तसा तो पडत नाही. १.१३ पट, म्हणजे अठरा अँपिअर, तो तासभर बिनतक्रार सोसतो. १.४५ पट, म्हणजे सव्वातेवीस झाले, तर तासाभराच्या आत पडला पाहिजे. तू ओढत होतास २३, तेही सलग नाही. एक रॉड एक-दीड मिनिट जळतो, मग खपली ठोकायची, ब्रश मारायचा, रॉड बदलायचा. मधल्या वेळात एमसीबीची पट्टी गार होते. त्याच्या हिशेबी तू बारा-तेरा अँपिअरचा सज्जन ग्राहक होतास.

पण सॉकेटच्या आत पितळी पकड ढिली झालेली. तिथे नुसता ०.१ ओहमचा रोध झाला, तर २३ अँपिअरला ५० वॉटच्या वर उष्णता, नखाएवढ्या जागेत. हातातली सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते, तशा दोन तू आतेच्या ओट्याजवळ लावून ठेवल्या होत्यास. त्यात पितळेचा टॉप, मागे अॅल्युमिनियमची तार, वर स्वयंपाकघराची वाफ. आमच्या आयुष्यात आम्ही बदललेले जळके बोर्ड दहातले आठ सांध्यात जळलेले. मधली तार क्वचित.

कोल्हापुरी_ठिणगी

एवढं गणित करत बसण्यापेक्षा जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन आणा. दोन फेजवर लावा. तांब्याचं वेटोळं, तेलात बुडवलेलं. ना कार्ड जळायचं, ना पिवळा दिवा. आमचं वडिलांच्या वेळचं अजून चालतंय.

वाहिनी_४१५

मशीन दणकट असते, मान्य. पण घरात एकच फेज येते. दुसरी आणणार कुठून? शेजाऱ्याच्या मीटरवरून की खांबावरून? दोन फेजमध्ये ४०० च्या आसपास व्होल्ट असतात, हे घरातल्या वायरिंगला माहीत नसते. शिवाय त्या मशीनचा पॉवर फॅक्टर ०.५ च्या खालीही असतो. तेवढ्याच कामाला लाइनवर जवळपास दीडपट ओझे. खेड्यातल्या लाइनच्या टोकाला ते मशीन लावले की हळदताईंकडे दिवे मिचमिचत नाहीत, झोपतात.

खाणकाठचा

ठिणगीदादा, डिचोलीत आमच्या गॅरेजला तसलीच मशिने होती, तीन फेजवर. खाणी चालू होत्या तेव्हा ट्रकच्या हौद्याला रात्रभर पत्रे लावायचो. २०१२ ला खाणी बंद पडल्या आणि मशिने भंगारात गेली. दोन माणसे लागायची एक उचलायला. आता छोटे इन्व्हर्टर खांद्याला लटकवून ग्रील दुरुस्तीला जातो. दुःख मशीनचे नाही, पण ते असो.

एक सांगतो, आकडा टाकून वीज घेण्याचा विचारही करू नका, गावात मंडळाचा म्हणून सगळे डोळे मिटतात तरी. ती चोरी आहे, वीज कायद्याचे कलम १३५.

बांद्याचा_भाचा

मी बांद्याला फॅब्रिकेशन करतो, निम्मे काम गोव्यातले. बाल्या, खरा उपाय तुझ्या खिशात आहे. दहा नंबर रॉड टाक, बारा नंबर घे.

दहा नंबर म्हणजे ३.१५ मिमी, त्याला ९० ते १३० अँपिअर लागतात. बारा नंबर म्हणजे २.५ मिमी, साठ ते नव्वदमध्ये गोड चालतो. नरकासुराचा स्क्वेअर पाइप दीड-दोन मिमी जाडीचा असणार. दहा नंबरने त्याला भोके पडतात, मग भोक बुजवायला आणखी रॉड. बारा नंबर, ७० ते ७५ अँपिअर. गदेच्या बारीक पट्ट्यांना चौदा नंबर, पन्नासवर. रॉड ६०१३ च घे. ७०१८ चा मोह नको, त्याला भट्टीत तापवून कोरडा ठेवावा लागतो, आणि आपल्या दमट हवेत उघडा राहिला की उपयोग नाही. ६०१३ सुद्धा परतीच्या पावसात ओला झाला असेल तर चिकटतो आणि तडतडतो, ते व्होल्टेजवर ढकलू नकोस.

आणि मशीनची काळी केबल! तिला सगळे "अर्थ" म्हणतात, पण ती अर्थ नाही. ती परतीची वाट आहे. करंट रॉडमधून जातो आणि तिथून मशीनला परत येतो. एका ठिकाणी माझ्याच पोऱ्याने चिमटा कामावर न लावता विहिरीच्या पंपाच्या पाइपवर लावला, "लोखंड ते लोखंड" म्हणून. गेटचा खांब आणि पंप यांना जोडणारी एकच गोष्ट होती, पंपाची अर्थिंगची बारीक तार. सत्तर अँपिअर तिच्यातून परत गेले. ती लाल होऊन वितळली, पंपाची अर्थिंग गेली, आणि कोणाला कळलेही नाही. महिन्याने यजमानांना पंपाला हात लावल्यावर झटका बसला. थोडक्यात निभावले. तेव्हापासून चिमटा टाक्यापासून हातभर अंतरावर, घासून चकाकी आणलेल्या लोखंडावर. दुसरीकडे कुठे लावला तर मी पोऱ्याला शिव्या घालतो, माझ्यासकट.

वाहिनी_४१५

भाचा, हे सोन्यासारखे. ७५ अँपिअरचे गणित करून टाकते: आर्क २३ व्होल्ट, भिंतीतून जेमतेम साडेबारा अँपिअर. २३ वरून साडेबारा! उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे तेवढ्याच तारेत आधीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

चुडतांचे_छप्पर

ताई, साडेबारा हे २३० व्होल्टला ना? त्यांच्याकडे रात्री २०० असतात.

वाहिनी_४१५

बरोबर पकडलेत. रात्री साडेचौदा धरा. आणि तारेतली उष्णता चाळीस टक्के. माझी चूक.

बोरीचा_बाल्या

म्हणजे आता त्याच प्लगवर बारा नंबरने चालवू?

तारजुळारी

नाही! ते घर मी पाहिलेले नाही, पण रुपेरी तार आणि लाकडी पट्टी म्हटल्यावर त्या प्लगवर मिक्सरसुद्धा मी भीत भीत लावीन.

नवी लाइन घे. मीटरनंतरच्या मेन स्विचवरून सरळ, जुन्या वायरिंगला कुठेही न शिवता. तांब्याची ४ स्क्वेअर एमएम, फेज-न्यूट्रल, आणि अर्थची तारही. सुरुवातीला २५ चा सी कर्व्ह एमसीबी. बी कर्व्ह तीन ते पाच पटीच्या झटक्याला पडतो, मशीन चालू करताना आतले कपॅसिटर भरतात तेव्हाच पडायचा. सी पाच ते दहा पटीला. त्याच्या जोडीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, करंट कुठे गळला की पडतो तो. पडवीत १५ चा प्लग नको, निळा इंडस्ट्रियल सॉकेट बसव, ३२ अँपिअरचा. त्याचा टॉप आत ढकलला की घट्ट बसतो, पाण्याचे झाकणही असते. मीटरपासून पडवी किती?

बोरीचा_बाल्या

वळणे धरून २५ मीटर.

तारजुळारी

५० मीटर तार, पाव ओहमसुद्धा नाही. तीन-साडेतीन व्होल्ट जातील. मशीन सॉकेटजवळ ठेव आणि लांबी वेल्डिंगच्या केबलला दे.

आणि अर्थिंग मोजून घे. आपली माती जांभ्याची. पावसात बरी, मार्च-एप्रिलमध्ये कोरडी ठणठणीत, अर्थचा खड्डा नावाला उरतो. कोळसा-मीठ घालून पाणी सोडायचा खड्डा असेल तर पाणी सोड. आरसीसीबी पडला तर "ओलाव्याने पडतो" म्हणून बायपास करू नकोस. मशीनमध्ये ग्राइंडरचा लोखंडी भुगा साचला तरी पडतो, हवा मारून साफ कर. मशीन स्वतः उघडू मात्र नको, प्लग काढल्यावरही आतले कपॅसिटर बराच वेळ भरलेले असतात.

हे काम परवानाधारक वायरमनकडून. तू फिटर आहेस, ठाऊक आहे.

हळदीचे_पान

बिल किती येईल हो? आमचे शेजारी म्हणतात वेल्डिंगने मीटर पळतो.

वाहिनी_४१५

बारा नंबरचा एक रॉड जळायला मिनिटभर, तेव्हा खेचतो २ किलोवॉट. शंभर रॉड जळले की सव्वातीन-साडेतीन युनिट. गिझर जास्त खातो.

बिलापेक्षा मंजूर भार बघा. बिलावर लिहिलेला असतो. आणि स्वतःच्या घरचे काम वेगळे, पण घरगुती जोडणीवरून पैसे घेऊन गेटे बनवू लागलात तर तो मंजुरीबाहेरचा वापर होतो. कलम १२६ खाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. मंडळाचे काम मोठे असेल तर वीज खात्याकडून तात्पुरती जोडणी मिळते, सार्वजनिक चतुर्थीला घेतात तशी.

चुडतांचे_छप्पर

घरच्या बॅटरीच्या इन्व्हर्टरवर चालेल का? नावात इन्व्हर्टर दोन्हीकडे आहे म्हणून विचारतो.

तारजुळारी

नावात "मोर" म्हणून मोरंबा नाचत नाही. नको. जनरेटर लावायचा तर ५ केव्हीएच्या खालचा नको.

खाणकाठचा

वीज झाली, आता आग. नरकासुराच्या पोटात सुके गवत, अंगाला कागद, आणि पोरे शेवटच्या रात्री "हात नीट हलत नाही" म्हणून तिथेच टाका मारायला जातात. ठिणगी गवतात शिरली की लगेच दिसत नाही, अर्ध्या तासाने धूर येतो. सगळे वेल्डिंग आधी, गवत नंतर. दुरुस्ती लागलीच तर हात नटबोल्टवर सुटा होईल असा करा, बाजूला नेऊन टाका मारा, परत बसवा. वाळूची बादली जवळ. मशीनवर पाणी फेकायचे नाही.

आणि जुने जीआय पाइप वापरणार असाल तर टाक्याच्या जागचा जस्ताचा थर आधी घासून काढा. तो धूर छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. आमच्या गॅरेजात दूध प्यायची पद्धत होती. दुधाने काही होत नाही. वारा धूर तोंडापासून दूर नेईल असे बसा.

बांद्याचा_भाचा

बघायला वाड्यावरची सगळी पोरे जमणार. ताडपत्रीचा आडोसा करा, नाहीतर दिवाळीच्या पहाटे अर्ध्या वाड्याच्या डोळ्यांना वेल्डिंग लागलेले असेल. बटाट्याच्या चकत्या पुरणार नाहीत. स्वतःला ११ नंबरची काच, आणि पायात चप्पल नको, बूट. ओल्या अंगणात घामेजलेल्या हाताने रॉड बदलू नको. मशीन नुसते चालू असताना होल्डरला साठ-सत्तर व्होल्ट उभे असतात. सुक्या हाताला जाणवत नाहीत, ओल्याला जाणवतात.

पावट्याची_उसळ

नरकासुर मारायला श्रीकृष्ण एकटा पुरला. बांधायला केवढी फौज!

बोरीचा_बाल्या

पंधरा दिवसांनी येतोय, माफ करा.

काकांनी सांगितले तसेच केले. फोंड्याहून वायरमन आणला, तो जुना बोर्ड उघडून दोन मिनिटे काही बोललाच नाही. मग म्हणाला, "हे आधी बघा." स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या सांध्यावरची पट्टी कोळसा झाली होती. म्हणजे टॉप हा फक्त दिसलेला भाग. आतेने त्याच दिवशी सगळ्या घराच्या नव्या वायरिंगचे विचारून घेतले, ते काम आता दिवाळीनंतर.

पडवीत निळा सॉकेट बसला. ४ स्क्वेअर, २५ चा सी कर्व्ह, आरसीसीबी. बारा नंबर रॉड, ७२ अँपिअर. रात्री ८ ला मशीन चालू असताना सॉकेटला १९६ व्होल्ट दिसले आणि एकदाही रॉड चिकटला नाही. पिवळा दिवा एकदाच लागला, आम्ही सलग काम केले तेव्हा, आणि तो तापल्याचा होता. दहा मिनिटांत गेला. पहिल्या दिवशी आरसीसीबी पडला. मी मशीनला नावे ठेवली, पण गुन्हेगार ग्राइंडर निघाला, त्याची वायर पातीने खरवडलेली होती.

हाताचे म्हणाल तर खाणकाठच्यांचे ऐकून दोन बोल्टवर सुटा केला होता. आदल्या रात्री साडेअकराला मोटरचा दांडा वाकला. हात काढून विहिरीपाशी नेला, टाका मारला, परत बसवला. पाऊण तासाचा खेळ. नरकासुर पहाटे साडेचारपर्यंत मान फिरवत उभा होता, मग पेटवला. आंघोळी करून, कारीट फोडून, फोव (पोहे) खाऊन आम्ही राखेतून सांगाडा ओढून काढला. दोन टाके सुटलेत, दोन्ही माझ्या पहिल्या दिवशीचे, दहा नंबरचे.

आतेचा प्रश्न: निळ्या सॉकेटवर इडलीचा ग्राइंडर लावता येईल का? त्याचा टॉप त्यात बसत नाही, हे तिला सांगायची कोणाची हिंमत नाही.

तारजुळारी

मी येऊन सांगतो. इडल्या असतील ना?